दोन खोल्यांच्या कलादालनात समकालीन चित्रप्रदर्शन कसे मांडावे

मराठवाड्यात चित्रप्रदर्शन म्हटले की अजूनही मुंबईचे जहांगीर कलादालन डोळ्यांसमोर येते. १९५२ पासून त्या दालनाने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना चित्र पाहायची सवय लावली, हे खरेच आहे. पण लातूरच्या किंवा परभणीच्या मुलीने तिथे जाऊन चित्रे पाहायची म्हणजे रात्रभराचा प्रवास, मुक्काम आणि खर्च आलाच. इकडे छत्रपती संभाजीनगरात शासकीय कला महाविद्यालय आहे, तालुक्यांच्या शाळांतून मुले एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसतात, त्यांतली काही पुढे कलाशिक्षण पूर्ण करून गावी परततात, आणि त्यानंतर त्यांची चित्रे घराच्या माळ्यावर वर्तमानपत्रांत गुंडाळून पडून राहतात. ती चित्रे भिंतीवर, नीट उजेडात, लोकांसमोर यावीत म्हणून मी काही वर्षांपासून दोन खोल्यांचे एक स्वतंत्र कलादालन चालवते. नांदेड, बीड, जालना, धाराशिव अशा गावांतून अनेक जण विचारतात की, आमच्याकडे एक रिकामी खोली आहे, तिथे प्रदर्शन करायचे तर सुरुवात कुठून करावी. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवात भिंत मोजण्यापासून करावी. बारा बाय पंधरा फुटांच्या खोलीच्या चारही भिंती मिळून चोपन्न फूट भरतात. त्यांतून दारे, खिडक्या, स्विचबोर्ड आणि कपाटाचा कोनाडा वजा केला की हाती साधारण चाळीस फूट उरतात. तीन फूट रुंदीच्या चित्राला शेजारी किमान दोन फूट मोकळी भिंत द्यायची, कोपऱ्यांपासून दीड-दोन फूट अंतर राखायचे, असा हिशेब केल्यास एका खोलीत सहा ते सात चित्रे मावतात. म्हणजे दोन खोल्यांत बारा ते चौदा. चित्रकाराला हा आकडा ऐकून नेहमी वाईट वाटते, कारण त्याने पाच वर्षांत साठ चित्रे केलेली असतात आणि एवढ्या वाट पाहिल्यानंतर मिळालेल्या संधीत ती सगळी लावावीत असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. तरीही इथे खंबीर राहावे. दाटीवाटीने लावलेल्या चाळीस चित्रांपुढून माणूस चालत निघून जातो. मोकळ्या भिंतीवरच्या एका चित्रापुढे तो थांबतो. आपल्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे हे आयुष्यातले पहिलेच प्रदर्शन असते, म्हणून त्यांना थांबता यावे याला मी बाकी सगळ्यापेक्षा अधिक महत्त्व देते.

चित्रांची निवड चित्रकाराच्या घरी जाऊन करावी, मोबाइलवर आलेल्या छायाचित्रांवरून कधीही करू नये. छायाचित्रात आकार कळत नाही, रंगाचा थर कळत नाही, आणि दोन चित्रे शेजारी ठेवल्यावर एकमेकांना कशी मारतात किंवा उजळवतात हेही कळत नाही. मी किमान दोनदा जाते. पहिल्या भेटीत फक्त पाहते आणि ऐकते. दुसऱ्या भेटीत चित्रे अंगणात किंवा ओसरीवर दिवसाच्या उजेडात मांडून, चित्रकारासोबत बसून, कोणती प्रदर्शनात येतील आणि कोणती घरीच थांबतील ते ठरवते. एखादा विषय आधी ठरवून त्यात चित्रे कोंबण्यापेक्षा चित्रांमधूनच जो धागा निघेल तो धरणे मला अधिक प्रामाणिक वाटते. त्याच वेळी एका कागदावर करार करून दोघांनी सह्या कराव्यात: चित्रांची यादी, प्रत्येकाची किंमत, दालनाचा वाटा, वाहतुकीचा खर्च कोण करणार, नुकसान झाल्यास भरपाई कशी, आणि विक्रीनंतर किती दिवसांत पैसे मिळणार. नाते घरचे असले तरी कागद करावाच. त्यामुळे ते नाते टिकते.

तारीख ठरवताना

मुंबईतल्या मोठ्या दालनांत आठवडाभराचे प्रदर्शन रूढ आहे, पण आपल्या गावांत ते पुरत नाही. इथे बातमी माणसाकडून माणसाकडे जाते. पहिल्या आठवड्यात जो येऊन जातो, त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या आठवड्यात त्याचा शेजारी येतो आणि तिसऱ्या आठवड्यात शाळेचे शिक्षक वर्ग घेऊन येतात. म्हणून तीन आठवडे ठेवावेत. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सर्वांत चांगला. हवा कोरडी आणि सौम्य असते, दिवाळीसाठी गावी आलेली माणसे असतात, आणि संध्याकाळी लोक बाहेर पडतात. फेब्रुवारी आणि मार्च दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे ओस जातात. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस अंशांपुढे जातो, तेव्हा चित्रांचेही हाल होतात आणि पाहणाऱ्यांचेही. जून-जुलैमध्ये पेरणीच्या दिवसांत खेड्यांतून येणारा माणूस येऊ शकत नाही, आणि पुढे पावसाळाभर भिंतींचा भरवसा नसतो.

आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी घ्यावी, याविषयी संभाजीनगरातल्या दालनांना एक वेगळी सूचना करते. सर्वत्र सोमवारी दालने बंद ठेवण्याची पद्धत आहे; पण अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी, त्यामुळे या दोन दिवशी शहरात आलेल्या प्रवाशांच्या हाती मोकळा वेळ असतो. ही माणसे मुळातच चित्र-शिल्प पाहायला एवढ्या दूर आलेली असतात. मी सोमवार-मंगळवार दालन उघडे ठेवते आणि बुधवारी बंद ठेवते. चार-पाच हॉटेलांच्या स्वागतकक्षांत एक साधे पत्रक ठेवले तेवढ्याने या दोन दिवसांची वर्दळ वाढली.

भिंत आणि टांगणी

भिंतीला चकाकी नसलेला पांढरा प्लॅस्टिक इमल्शन द्यावा. साध्या डिस्टेंपरची पूड कपड्यांना आणि चित्रांच्या पाठीला लागते, आणि चकचकीत रंगावर दिव्यांचे प्रतिबिंब पडून डोळ्यांना त्रास होतो. रंग देण्याआधी ओल तपासावी. एक फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा स्वच्छ तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवून दोन दिवस तसाच ठेवावा; काढताना त्याच्या आतल्या बाजूला दमटपणा आढळला तर ती भिंत पाणी धरून आहे असे समजावे आणि तिच्यावर कागदावरचे काम मुळीच लावू नये. एका सप्टेंबरमध्ये मी ही तपासणी न करता पश्चिमेच्या भिंतीवर जलरंगांची सहा चित्रे लावली होती. आठव्या दिवशी एका माउंटवर, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्यावर, बुरशीचे करडे ठिपके दिसले. चित्र वाचले, पण चित्रकाराला ते दाखवताना जे वाटले ते अजून विसरलेले नाही. तेव्हापासून प्रत्येक चौकटीच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे छोटे तुकडे चिकटवते, म्हणजे चौकट आणि भिंत यांच्यामध्ये हवा खेळती राहते.

जुन्या वाड्यात किंवा धाब्याच्या घरात दालन करणाऱ्यांची अडचण निराळी असते. पांढऱ्या मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही; तो वजनाने हळूहळू खाली येतो आणि एके दिवशी चित्रासह पडतो. अशा ठिकाणी भिंतीत काहीही न ठोकता, वरच्या लाकडी तुळईला किंवा सरांना भक्कम पट्टी बसवावी आणि तिच्यापासून पोलादी बारीक तार सोडून चित्रे टांगावीत. सिमेंटच्या भिंतीत ड्रिलने छिद्र पाडून, प्लॅस्टिकचा प्लग बसवून स्क्रू घालावा. कोणत्याही प्रकारची टांगणी चित्राच्या वजनाच्या तिप्पट-चौपट भार सोसेल अशीच घ्यावी, आणि दोन फुटांपेक्षा रुंद चित्राला एकाऐवजी दोन आकडे (हुक) द्यावेत, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने किंवा रस्त्यावरच्या ट्रकच्या हादऱ्याने ते तिरके होत नाही.

उंचीचा नियम सोपा आहे. सगळ्या चित्रांचे मध्यबिंदू जमिनीपासून एकाच उंचीवर यावेत. जगभर ही उंची सत्तावन्न ते साठ इंचांच्या दरम्यान धरतात. मी सत्तावन्न इंच धरते, कारण माझ्याकडे बायका आणि शाळेची मुले मोठ्या संख्येने येतात आणि मान वर करून फार वेळ कोणी पाहत नाही. आकडा कुठे बसवायचा हे काढण्यासाठी या सत्तावन्नमध्ये चित्राच्या उंचीचा निम्मा भाग मिळवावा आणि मागची तार ताणल्यावर चौकटीच्या वरच्या कडेपासून जितकी खाली राहते तितके अंतर वजा करावे. उदाहरणार्थ, चित्र छत्तीस इंच उंच आहे आणि तार तीन इंच खाली राहते, तर सत्तावन्न अधिक अठरा वजा तीन, म्हणजे बहात्तर इंचांवर आकडा यायला हवा. चित्रे कमी-जास्त आकारांची असली तरी या पद्धतीने ओळ शांत दिसते. वरच्या कडा एका रेषेत आणण्याचा मोह बहुतेकांना होतो. आकार वेगवेगळे असताना तसे केल्यास लहान चित्रे दोरीवर वाळत घातल्यासारखी लोंबतात.

आकडे ठोकण्याच्या आदल्या दिवशी चित्रांच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद कापून ते भिंतीवर चिकटवून पाहावेत. एक दिवस तसेच राहू द्यावेत, सकाळी आणि संध्याकाळी पाहावेत, दारातून आत शिरताना पहिली नजर कुठे जाते ते तपासावे. दारासमोरच्या भिंतीवर सर्वांत भडक चित्र लावण्याची रीत आहे, पण मला तिथे असे चित्र हवे असते की जे दुरून थोडेच सांगते आणि माणसाला जवळ बोलावते. मांडणी पक्की झाल्यावर दोरा ताणून, पाणसळ लावून खुणा कराव्यात. गवंडीकामातला ओळंबाही जवळ ठेवावा. जुन्या घरांत दाराची चौकट तिरकी असते, आणि तिच्याकडे पाहून सरळ लावलेले चित्र प्रत्यक्षात तिरके निघते.

उजेड

अजिंठ्याची चित्रे इतकी शतके टिकली, त्यात लेण्यांमधल्या अंधाराचाही वाटा आहे, आणि आजही तिथे फ्लॅश वापरायला बंदी आहे ती याचसाठी. उजेडाशिवाय चित्र दिसत नाही आणि उजेडानेच ते हळूहळू उडत जाते, हे दोन्ही सांभाळून दिवे लावायचे असतात. जलरंग, पेन, छपाईची शाई अशा कागदावरच्या कामांना पन्नास लक्स (लक्स हे उजेड मोजायचे एकक) आणि तैलरंग किंवा अ‍ॅक्रिलिकच्या चित्रांना दोनशे लक्सपर्यंत उजेड द्यावा, असे संग्रहालयांचे प्रमाण आहे. मोबाइलमधल्या मापक ॲपने अंदाज येतो. आपल्याकडच्या थेट उन्हात हा आकडा लाखाच्या घरात जातो, म्हणून खिडकीतून भिंतीवर येणारी उन्हाची तिरीप पडद्याने पूर्ण अडवावी. तीन आठवड्यांत काय होणार, असे म्हणू नये, कारण स्वस्त शाईचा किरमिजी रंग तेवढ्यात फिका पडतो.

दिवे एलईडीचे, तीन ते चार हजार केल्विनच्या दरम्यानचे (केल्विनवरून उजेड पिवळसर की निळसर ते कळते) घ्यावेत, आणि खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक, नव्वद किंवा त्याहून अधिक लिहिले आहे का ते पाहूनच घ्यावेत. रस्त्यावर मिळणाऱ्या साध्या दिव्याखाली तांबडा रंग मळकट दिसतो आणि चित्रकाराने महिनाभर खपून साधलेली छटा वाया जाते. दिवा चित्रावर उभ्या रेषेपासून तीस अंशांच्या कोनात पडला की काचेची चमक डोळ्यांत येत नाही आणि चौकटीची सावलीही लांबत नाही. दहा फूट उंच छताच्या खोलीत, चित्राचा मध्य सत्तावन्न इंचांवर असताना, यासाठी दिव्याची पट्टी भिंतीपासून सुमारे तीन फुटांवर यावी लागते. वायरिंगचे काम माहीतगार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे आणि दारापाशी अग्निशामक सिलिंडर ठेवावा. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळून गेल्या, हे मी माझ्याकडे काम करणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगते.

व्हिडिओचे काम असेल तर प्रोजेक्टर आणि भिंत यांतले अंतर आधी मोजावे. प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात थ्रो रेशो, म्हणजे अंतर आणि चित्राची रुंदी यांचे प्रमाण, दिलेला असतो. तो दीड असेल तर सहा फूट रुंद चित्रासाठी नऊ फूट अंतर लागते. वीज अचानक गेल्यास दिव्याच्या प्रोजेक्टरला थंड व्हायला वेळ मिळत नाही आणि दिवा लवकर जातो, तेव्हा त्याला इन्व्हर्टर जोडलेला असावा.

शब्द आणि माणसे

प्रत्येक चित्राशेजारी, उजव्या बाजूला खाली, एक छोटी पट्टी लावावी. तिच्यावर चित्रकाराचे नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम आणि माप एवढेच असावे. माप लिहिताना आधी उंची आणि मग रुंदी लिहितात. हे सर्व मराठीत लिहावे. ‘कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिक’, ‘कागदावर जलरंग’, ‘लिनोकट’ हे शब्द कोणालाही कळतात. दाराशी चित्रकाराचे निवेदन लावायचे असेल तर ते दीडशे-दोनशे शब्दांत आटोपावे आणि चित्रकाराने ते आपल्या आईला वाचून दाखवावे. तिला जिथे अडेल तिथे वाक्य बदलावे. अवघड शब्दांची निवेदने वाचून माणसे चित्र पाहण्याआधीच ठरवतात की हे आपल्यासाठी नाही, आणि ती एकदा तशी परत गेली की पुन्हा येत नाहीत. समकालीन कलेविषयी जी दुरावलेपणाची भावना आहे, तिला चित्रांपेक्षा आपली भाषा अधिक जबाबदार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दालनात बसणाऱ्या व्यक्तीला रोज एक प्रश्न ऐकावा लागतो: “याचा अर्थ काय?” या प्रश्नाने चिडू नये, आणि लगेच उत्तरही देऊ नये. “काका, तुमची नजर आधी कुठे गेली?” असे विचारावे, मग तीन पावले मागे जाऊन पाहायला सांगावे, मग अगदी जवळून. एका तरुणाचे मांडणशिल्प आमच्याकडे लावले होते: पाण्याचे चाळीस रिकामे प्लॅस्टिकचे कॅन, प्रत्येकावर घराचा क्रमांक आणि दोरीचे वेटोळे. महाविद्यालयातली मुले त्यापुढे बराच वेळ गोंधळली होती. दुपारी गल्लीतल्या तीन बायका सहज डोकावल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, “हा तर टँकरचा नंबर लावलाय.” मग २०१६ सालच्या उन्हाळ्याचा विषय निघाला, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या दिवसांचा, आणि एकीने सांगितले की त्या काळात कॅन रांगेत असला म्हणजे माणूस रांगेत आहे असेच धरले जाई. चित्रकार कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. त्याने त्या दिवशी कामाचे शीर्षक बदलले.

अभिप्रायाची वही ठेवावी, पण तिच्यात नाव आणि ‘छान’ एवढेच लिहिले जाते. तिच्याशेजारी ‘कोणत्या चित्रापाशी जास्त वेळ थांबलात?’ एवढाच प्रश्न छापलेल्या चिठ्ठ्या ठेवल्यास चित्रकाराच्या खऱ्या उपयोगाचे काही हाती येते.

उद्घाटन संध्याकाळी साडेपाच-सहाला ठेवावे. दीपप्रज्वलन, सत्कार आणि मनोगते यांना आपल्याकडे मान आहे आणि तो ठेवावा. मात्र समई चित्रांच्या खोलीत न लावता ओसरीवर लावावी, हारांच्या पाकळ्या आणि चहाचे पेले आत नेऊ नयेत, आणि सगळा कार्यक्रम अर्ध्या तासात संपवावा. पाहुण्यांनी बोलण्याआधी दहा मिनिटे चित्रे पाहावीत, अशी विनंती निमंत्रणातच करावी. बहुतेक पाहुणे ती आनंदाने मान्य करतात.

किंमत आणि हक्क

दालनाचा वाटा साधारण तीस ते पन्नास टक्के असतो. ज्या दालनाचा खर्च थोडा आहे त्याने तिसाच्या आसपास राहावे. चित्रकार घरून जी किंमत सांगतो तीच दालनातही असावी, नाहीतर दोघांवरचाही विश्वास उडतो. विक्रीचे पैसे महिन्याभरात पोचते करावेत, आणि कर किती व कोणावर येतो हे आपल्या सनदी लेखापालाला आधीच विचारून ठेवावे. चित्र घेणाऱ्याला एक गोष्ट पावतीवरच लिहून द्यावी: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र विकले तरी त्याच्या प्रती काढण्याचा हक्क लेखी करारावाचून विकला जात नाही, तो चित्रकाराकडे आणि त्याच्या पश्चात साठ वर्षे त्याच्या वारसांकडे राहतो. दिनदर्शिकेवर किंवा लग्नपत्रिकेवर ते चित्र छापायचे असेल तर परवानगी लागते.

बांधणे आणि परत पाठवणे

चित्रे आली त्या दिवशी प्रत्येकाचे पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे छायाचित्र घ्यावे आणि आधीचे ओरखडे, सैल कॅनव्हास, चिरलेली चौकट यांची नोंद चित्रकारासमोर करावी. परत पाठवताना हीच नोंद पुन्हा तपासून सही घ्यावी. बांधताना रंगाच्या पृष्ठाला आधी बटर पेपर लावावा आणि मग बबल रॅप, तोही फुगे बाहेरच्या बाजूस ठेवून. अ‍ॅक्रिलिकचा थर उष्णतेने मऊ होतो. एप्रिलच्या दुपारी टेम्पोतून आलेल्या एका मोठ्या चित्रावर बबल रॅपचे गोल ठसे कायमचे उमटलेले मी पाहिले आहेत. म्हणून उन्हाळ्यात वाहतूक पहाटे करावी, चित्रे गाडीत आडवी न ठेवता उभी ठेवावीत, दोन चित्रांत पुठ्ठा घालावा, आणि एसटीच्या टपावर कधीही चढवू नयेत. काही दिवस साठवायची असतील तर जमिनीला टेकवू नयेत. लाकडी ठोकळ्यांवर ठेवावीत आणि आठवड्यातून एकदा मागे वाळवी किंवा कसर लागली आहे का ते पाहावे. कागदावरचे काम माउंटला बसवताना सेलोटेप वापरू नये, तिचे पिवळे डाग निघत नाहीत. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि हलक्या कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या पुरेशा होतात, आणि लागेल तेव्हा पाण्याने सोडवता येतात.

चित्रे निघाल्यावर भिंतीतली छिद्रे पुट्टीने भरून, वाळल्यावर घासपेपरने घासून, त्यावर रंगाचा हात द्यावा. भिंतीला दिलेल्या रंगाचा एक छोटा डबा त्यासाठी राखून ठेवावा आणि त्याच्या झाकणावर कंपनीचा शेड क्रमांक लिहावा, कारण दुकानात नुसते ‘पांढरा’ मागितले की दर वेळी निराळा पांढरा मिळतो आणि भिंतीवर ठिगळे दिसतात.